ठिकाण कुणाचं, नाव कुणाचं : मुरुडच्या जुन्या कागदांतून घराण्यांचा शोध

मुरुडात येऊन मुरुडकरांनाच मुरुडबद्दल सांगायचं, म्हणजे आजोळी जाऊन आजीला मोदक वळायला शिकवण्यासारखं आहे. तेव्हा गावाचा इतिहास आम्ही सांगणार नाही, तो तुमच्याकडे आमच्यापेक्षा जास्त आहे. आज बोलायचं आहे ते माळ्यावरच्या ट्रंकेत, लाल फडक्यात बांधून ठेवलेल्या कागदांबद्दल. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, दत्तकपत्र, क्वचित एखादं मृत्युपत्र. हे कागद जमिनीसाठी लिहिले गेले. त्यांत माणसं आली ती जमिनीच्या मागून, तिच्यापुरती. आता जमीन विकली जाते आहे, वाड्या रिसॉर्टला जाताहेत, आणि मग कुणाला तरी आठवण होते की आपलं घराणं मूळचं कुठलं ते या कागदांत असेल. असतं का? थोडं असतं. आणि जे नसतं, ते का नसतं हे कळलं तर आणखी थोडं सापडतं.

एका प्रसंगापासून सुरुवात करतो. दोन वर्षांपूर्वी याच पट्ट्यातल्या एका घराण्यातल्या बाई आमच्याकडे आल्या. जन्म मुंबईतला, गाव फक्त मे महिन्यातलं. भावांनी ठिकाण विकायचं ठरवलं होतं आणि बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या कराव्या अशी त्यांची अपेक्षा होती. भांडण नव्हतं, सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं. बाईंनी कागदांचं बासन आमच्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, “सही करायची की नाही ते मी बघेन. पण त्याआधी मला एवढंच सांगा, या सगळ्या कागदांत आमच्यातली एक तरी बाई आहे का?”

आम्ही तिघे मोडी वाचतो, बरीच वर्षं वाचतो. पण हा प्रश्न घेऊन कुठलं बासन सोडल्याचं आम्हाला आठवत नव्हतं. त्या प्रश्नाकडे परत येऊ. आधी मुरुडच्याच एका कागदाची गोष्ट.

मुरुड हे नुसतं जुनं गाव नाही, ते वसवलेलं गाव आहे. रस्ता, दोन्ही बाजूंनी घरं, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या, दुर्गादेवीचं देऊळ ही सगळी रचना कुणीतरी आखून केलेली दिसते. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी एका सिद्धपुरुषानं गाव वसवलं हे इथे लहान मुलालाही ठाऊक असतं. अशी दंतकथा गावोगाव असते. मुरुडचं वेगळेपण असं की या वसाहतीचा एक लेखी वृत्तांत गावात जपला गेला, आणि याच गावचे सुपुत्र रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी तो विद्वानांपुढे ठेवला. १८६५ च्या सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. विषय : दक्षिण कोकणात मुरुड नावाचं नवं गाव कसं स्थापन झालं, ते सांगणारा एक कागद. पुढे हिंदुस्थानातल्या ग्रामसंस्थेवर लिहिणाऱ्या इंग्रज अभ्यासकांनीही त्याचा आधार घेतला. राजांच्या वंशावळी पुष्कळ होत्या. गाव कसं बसतं, जागा कशा ठरतात, देव कुठे बसवतात हे सांगणारा कागद विरळा.

मंडलिक कोण होते हे इथे सांगायला नको, पण कागद वाचणाऱ्यानं कागद पुढे आणणाऱ्याकडेही बघावं म्हणून सांगतो. जन्म १८३३, मुरुड. मुंबईत नामांकित वकील, ‘नेटिव्ह ओपिनियन’चे संपादक, पुढे कायदेमंडळाचे सभासद. हिंदू धर्मशास्त्राचा गाढा अभ्यास. ‘व्यवहारमयूख’ आणि ‘याज्ञवल्क्यस्मृती’ यांचं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १८८० मध्ये आलं आणि कोर्टात वापरलं गेलं. आणि ते खोतांची बाजू हिरिरीनं मांडणारे होते. १८६० नंतरच्या त्या वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी मोजणी चालू होती. जमिनीवर मूळ हक्क कुणाचा, खोताचा की कसणाऱ्याचा, हा वाद तापलेला होता. अशा वेळी ‘हे गाव आमच्या पूर्वजांनी वसवलं’ असा कागद छापून येतो, तो नुसत्या हौसेपोटी आला असं आम्हाला वाटत नाही. हा आमचा तर्क. मंडलिकांच्या विद्वत्तेला त्यानं काही कमीपणा येत नाही.

गाव वसवल्याचा कागद वाचताना आम्ही एक प्रश्न मनात ठेवतो : आधी इथे कुणी होतं का? वसवणाऱ्याच्या दृष्टीनं जागा नेहमी ओसाड असते, रान असते. पण रानाची वाट दाखवणारा कुणी असतो, झाडं तोडणारा कुणी असतो, ओढ्याचं पाणी कुठपर्यंत टिकतं ते सांगणारा कुणी असतो. त्यांच्या नावाचं खत नसतं.

हीच गोष्ट जगात दुसरीकडे कशी घडली ते बघायला अमेरिकेचं उदाहरण फार उपयोगी आहे. अमेरिकेत घराण्यांचा शोध घेण्याचं वेड मोठं आहे. तिथे व्हर्जिनियातून डोंगर ओलांडून केंटकीकडे सरकलेल्या वसाहतवाल्यांचे वंशज आपले पूर्वज शोधतात ते मुख्यतः दोन प्रकारच्या कागदांतून, मृत्युपत्रं आणि जमिनीची खरेदीखतं. जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदी त्या काळी नव्हत्या, चर्च दूर होतं, पण जमीन घेतली की काउंटीच्या कचेरीत खत नोंदवायलाच लागायचं. त्या खतांतल्या सीमा वाचल्या तर कोकणी माणसाला ओळखीच्या वाटतात : ओढ्याच्या काठच्या पांढऱ्या ओकपासून निघून, अमक्याच्या कोपऱ्यापर्यंत, तिथून दोन हिकरीच्या झाडांपर्यंत. आपल्याकडे ओकऐवजी रायवळ आंबा आणि ओढ्याऐवजी वहाळ, एवढाच फरक. झाडं पडली, ओढे सरकले, आणि एकाच जमिनीवर तीन-तीन खतं निघाली. डॅनियल बून हा त्यांचा सर्वांत गाजलेला सीमावीर. वाटा त्यानं काढल्या, जमिनी स्वतः मोजल्या, आणि शेवटी कागद पक्के नसल्यामुळे केंटकीतल्या बहुतेक जमिनी गमावून १७९९ मध्ये मिसूरीकडे निघून गेला. रान तोडणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हे तिथेही.

आणि तिथल्याही कागदात जागा ओसाडच. शॉनी, चेरोकी ही माणसं त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत होती. १७७५ मध्ये हेंडरसन नावाच्या एका गृहस्थानं चेरोकींकडून केंटकीचा प्रचंड मुलूख विकत घेतल्याचं खत केलं. तीन वर्षांनी व्हर्जिनियानं ते रद्द ठरवलं, पण जमीन काही चेरोकींना परत गेली नाही.

आता आपल्या बासनाकडे येऊ. जुना कागद हाती आला की लोक आधी आडनाव शोधतात. तसं करू नका. आधी तारीख लावा. पेशवाईतल्या कागदावर सन आकड्यात असतोच असं नाही, तो अरबी शब्दांत असतो आणि तो असतो सुहूर सन. समजा कागदावर आहे ‘खमस सितैन मया व अलफ’. खमस म्हणजे पाच, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृग निघाला की बदलतं. म्हणजे मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर १७६४, जानेवारीनंतरचा असेल तर १७६५. सोबत शक दिला असेल तर त्यात ७८ मिळवून ताळा करून घ्या. दोन्ही जुळले नाहीत तर एकतर आपण चुकलो किंवा कागद नंतर कुणी बनवलेला. दोन्ही शक्यता खऱ्या धरून चालावं. वतनाच्या भांडणात बनावट कागद ही काही आजची गोष्ट नाही.

तारखेनंतर चतुःसीमा. आमच्या मते अख्ख्या खतातला हा सर्वांत बोलका भाग, आणि लोक नेमका तोच सोडून देतात. पूर्वेस अमक्याचं आगर, पश्चिमेस समुद्राकडील पुळण, दक्षिणेस पाखाडी, उत्तरेस तमक्याचा गडगा. हे शेजारी कोण आहेत? वाटणी होते तेव्हा एकच ठिकाण चिरून भावांना मिळतं. म्हणजे वाटणीनंतरच्या एका भावाच्या खताच्या सीमेत दुसरा भाऊ उभा असतो. वाटणीपत्र वाळवीनं खाल्लं असलं तरी चार भावांची चार खतं शेजारीशेजारी मांडली की मूळ ठिकाण परत जुळतं आणि भावांची संख्याही कळते. एका घराण्यात आम्ही हे जमिनीवर पट्ट्या कापून मांडून बघितलं. तीन भावांची तीन खतं होती आणि मधे एक फट राहत होती, सगळ्यांच्या सीमेत ‘भाऊबंदाचें’ म्हणून आलेली. वंशावळीत चौथा भाऊ नव्हता. तो निपुत्रिक वारला होता, म्हणून कुणी लिहिलाच नव्हता. अमेरिकन शोधकही अगदी हेच करतात, नकाशावर खतांचे तुकडे जुळवत बसतात. कुणी कुणापासून शिकलेलं नाही. जमीन वाटायची पद्धत सारखी, म्हणून शोधायची रीतही सारखी.

नावांचा घोळ मात्र आपल्याकडे जास्त. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे एक सोडून एक पिढी तीच नावं फिरतात. पेशव्यांचंच घ्या. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे बाजीराव, त्यांचे पुन्हा बाळाजी. आणि बाजीराव दोन, एक बल्लाळ, एक रघुनाथ. वडिलांचं नाव काढून टाकलं तर राऊचा पराक्रम पळपुट्याच्या खात्यावर जायचा! ते पेशवे होते म्हणून गोंधळ होत नाही. तुमच्या-आमच्या घराण्यात होतो, आणि दोन माणसांची एक करून शंभर वर्षांचा आजोबा तयार होतो.

आता मृत्युपत्र. अमेरिकेत घराण्याचा पाया मृत्युपत्रावर उभा असतो, तसा आपल्याकडे का नाही? कारण आपल्याकडे ते जुन्या काळी नसायचंच. मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच. जे आपल्या एकट्याचं नाही ते बाप कुणाला लिहून काय देणार? एकत्र असेतो एकत्र, फुटले की वाटणीपत्र. इंग्रजी अमदानीत मुंबईसारख्या शहरात स्वकमाईचा पैसा आला, घरं आली, तसं हिंदूंमध्ये मृत्युपत्राचं प्रस्थ वाढलं, आणि १८७० मध्ये हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी वेगळा कायदा झाला. तेव्हा कोकणातल्या घराण्यात मृत्युपत्र सापडलं तर ते बहुधा मुंबई-पुण्याला गेलेल्या चाकरमान्याचं. एक माहिती ध्यानात ठेवा. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदलेली मृत्युपत्रं वेगळ्या पुस्तकात असतात, पुस्तक क्रमांक ३. करणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला. मृत्यूनंतर कुणीही अर्ज करू शकतो. खरेदीखतं, वाटणीपत्रं पुस्तक क्रमांक १ मध्ये. लोक ‘मिळालं नाही’ म्हणून परत येतात, कारण मागितलेलं असतं एका पुस्तकातलं आणि शोधलेलं असतं दुसऱ्यात.

तर मृत्युपत्र नसल्यानं आपलं काय गेलं? लेकी गेल्या. अमेरिकन बाप मृत्युपत्रात लिहितो, अमुकशी लग्न झालेल्या माझ्या मुलीला गाय आणि गादी. गाय आणि गादी फार नव्हे, पण लेकीचं नाव आलं, जावयाचं नाव आलं, धागा मिळाला. आपल्या वाटणीपत्रात भाऊ, पुतणे, चुलते, आणि आईच्या पोटगीचं एक कलम. ती आईसुद्धा ‘मातोश्री’. नाव नाही.

म्हणजे बायका नाहीतच का? आहेत, पण त्यांच्या खुणा वेगळ्या आहेत. ‘कोम’ हा शब्द शोधा. पुरुषाच्या नावात ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, तसं बाईच्या नावात ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ बघा. एकाच बाईच्या नावामागे एका कागदात ‘सौ.’ आणि नंतरच्या कागदात ‘गं. भा.’ असेल, तर नवरा त्या दोन तारखांच्या दरम्यान वारला. मृत्यूची नोंद नसलेल्या काळात एवढंही सोनं आहे. आणि सहीची जागा बघा. लिहिता न येणारा माणूस निशाणी करायचा. कुणब्याची निशाणी नांगर, वाण्याची तागडी, आणि बाईची बांगडी. कागदाच्या तळाशी एक वेडावाकडा गोल असतो, लोकांना वाटतं शाईचा डाग. तो डाग नाही. तिथे बाई बसलेली आहे.

बाई कागदात येते तेव्हा बहुधा घर अडचणीत असतं. नवरा गेला, मुलगा लहान, गहाण टाकायला विधवाच पुढे. किंवा मूल नाही आणि दत्तक घ्यायचा आहे. दत्तकपत्र हा म्हणूनच फार भरलेला कागद असतो. देणारे जनक आईबाप, घेणारी विधवा, मध्यस्थ, साक्षीदार, दोन घराण्यांची नाती. वंशावळीत मधेच उपटलेला माणूस कुठून आला याचं उत्तर बहुतेक वेळा तिथे असतं.

आणि एक बाई कागदातून नाहीशी होते तीही लक्षात घ्या. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा. सुधारणेचा कायदा म्हणून आपण त्याचं कौतुक करतो, ते रास्तच. पण त्याच्या दुसऱ्या कलमात काय आहे? पुनर्विवाह केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतला हक्क संपतो, जणू ती त्या वेळी मेलीच. आता शंभर वर्षांनी कुणी कागद बघेल आणि वंशावळीत तिच्यापुढे ‘मृत’ असं लिहील. ती तर दुसऱ्या गावात संसार करत असेल! मुरुडला हे वेगळं सांगायची गरज नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया. त्या लग्नावर याच गावानं बहिष्कार टाकला होता. आज अण्णांचं नाव आपण अभिमानानं घेतो, घ्यावंच. पण गावाच्या बासनात बहिष्काराची गोष्टही असते आणि तीही जपली पाहिजे.

अण्णांचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. जन्मगाव विचारलं तर दहातले आठ जण मुरुड सांगतात. अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, शेरवलीचा, खेड तालुक्यातला. ते त्यांचं आजोळ. पहिलटकरीणच काय, दुसरी-तिसरी खेपसुद्धा माहेरीच व्हायची. पण कर्व्यांची जमीन मुरुडात, म्हणून कागद मुरुडात, म्हणून जन्मही मुरुडात धरला जातो. भारतरत्नाच्या बाबतीत हे होतं. आपल्या घराण्यातल्या कितीजणांची आजोळं अशी पुसली गेली असतील? जमिनीचे कागद आजोळ सांगत नाहीत. त्यासाठी त्र्यंबकेश्वरच्या, नाशिकच्या, काशीच्या उपाध्यांच्या वह्या बघाव्या. यात्रेला गेलेल्या पूर्वजानं स्वतः लिहिलेला मजकूर तिथे असतो, बायकोचं, भावांचं नाव असतं, कधी सासुरवाडीही निघते.

आता दुसरा वर्ग, कसणाऱ्यांचा. मुरुडचा वसाहतीचा वृत्तांत आहे. पण कुणबीवाडीचा वृत्तांत कुठे आहे? कोळ्यांचा? महारवाड्याचा? खरेदीखतात हे लोक येतात ते ‘कुळ’ म्हणून, किंवा तेही नाही. अमेरिकन मृत्युपत्राचं आम्ही मघाशी कौतुक केलं, पण त्याच मृत्युपत्रात गाय आणि गादीच्या शेजारी गुलामांची नावं असतात, नुसती पहिली नावं, आडनाव नाही, बाप नाही, आणि कुणाला कोण द्यायचा ते लिहिलेलं. आज कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबं आपले पूर्वज शोधायला त्यांना विकणाऱ्याचंच मृत्युपत्र धुंडाळतात. दुसरा कागदच नाही. आपल्याकडची कुळं आणि गुलाम एक नव्हेत, हे स्पष्ट सांगतो. पण शोधायची वाट तशीच आहे, धन्याच्या दप्तरातून.

ती वाट अशी. पेशवाईतला महजर शोधा. गावात वाद झाला की गोत जमायचं आणि जमलेल्यांची नावं त्यांच्या निशाण्यांसकट लिहिली जायची. पाटील-खोतांबरोबर गुरव, सुतार, महार सगळे तिथे. सीमेच्या वादात तर महाराची साक्ष वजनदार, कारण गावाची शीव पायाखालची असणारा तोच. मग इंग्रजी काळात १८८० चा खोतीचा कायदा. त्यात जे कुळ १८४५-४६ सालापासून सतत जमीन कसत आलं, त्याला कायमच्या हक्काचं संरक्षण. त्यामुळे कुळाला बाप, आजा सांगावा लागला. खोत नाकारणार, कुळ पुरावा देणार, आणि त्या भांडणातून बोटखतात नाव चढणार. ज्या माणसाच्या घरी कागदाचा कपटा नव्हता त्याचा आजा सरकारी दप्तरात आला तो असा. खोती गेली १९४९ च्या कायद्यानं, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन धरून कुळकायद्यानं कसणाऱ्यांना मालक ठरवलं. ते फेरफार, गाव नमुना ६ मधले, तलाठ्याकडे मिळतात. कुणबीवाडीतल्या तरुणांना आमचं सांगणं आहे, ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणून बसू नका. शेवटून सुरुवात करा. आजचा सातबारा, मग त्यावरचे फेरफार क्रमांक, मग बोटखत. १८४५ पर्यंत पोचणं अवघड आहे, अशक्य नाही.

थोडं व्यवहाराचं बोलतो. कागद फाटला तर सेलोटेप लावू नका, तो दहा वर्षांत कागद खातो. लॅमिनेशन तर अजिबात नको. कोकणातल्या दमट हवेत ट्रंक जमिनीवर ठेवू नका. आधी फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, मागची बाजू कोरी दिसली तरी. मागे कुणीतरी तिसऱ्याच सालची नोंद केलेली असते. आणि बासनातला क्रम मोडू नका. पणजोबांनी दोन कागद एकत्र बांधले त्याला काही कारण होतं.

तर त्या बाईंचं बासन. एकोणचाळीस कागद होते. आम्ही तिघांनी मिळून ते चार रविवारी वाचले. बायका सापडल्या तीन. एक गहाणखतात, ‘गं. भा.’, खाली बांगडीची निशाणी. दोन मुलं लहान असताना नारळाची वाडी गहाण टाकलेली, आणि अकरा वर्षांनी त्याच कागदाच्या पाठीवर ‘फिटले’ अशी नोंद. म्हणजे तिनं ती सोडवली होती. दुसरी दत्तकपत्रात. त्या दत्तकाचेच हे सगळे वंशज, म्हणजे ज्या बाईमुळे घराणं चालू राहिलं ती. वंशावळीत तिच्या नवऱ्याचं नाव होतं, तिचं नव्हतं. आणि तिसरा कागद होता १९६० नंतरचा, छापील स्टॅम्पावर, देवनागरीत. हक्कसोडपत्र. १९५६ च्या कायद्यानं मुलींना वडिलांच्या हिश्शात वारसा दिला आणि लगोलग सह्या घेणं सुरू झालं. त्यात चार बहिणी, चौघींची पूर्ण नावं, सासरची नावं, वयं, राहण्याची गावं. त्या बाईंच्या आत्या. दोनशे वर्षांच्या कागदांत मुलींची नावं लेकी म्हणून पहिल्यांदा आली ती या कागदात, हक्क सोडून देताना.

व्हर्जिनियातही असंच आहे बरं का. नवऱ्यानं जमीन विकली की बायकोचा विधवा म्हणून जो तिसरा हिस्सा असायचा, तो सोडल्याचं तिच्याकडून वदवून घ्यायचे. त्यासाठी न्यायाधीश तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारत, तू हे खुशीनं करते आहेस ना? आणि तिचं नाव लिहून घेत. कित्येक अमेरिकन घराण्यांना आपल्या खापरपणजीचं नाव तेवढ्या एका ओळीमुळे ठाऊक आहे. आपल्याकडे ‘आपखुशीने, कोणाचेही दडपण नसता’ असं छापूनच येतं. बाजूला नेऊन विचारत मात्र कुणी नाही.

महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि मग देशभर २००५ मध्ये मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तेव्हापासून आमच्या पाहण्यात हक्कसोडपत्रं वाढली आहेत, कमी नाही झाली. आम्ही कुणाला सही करा किंवा करू नका असं सांगत नाही, ते आमचं काम नव्हे. त्या बाईंनाही सांगितलं नाही. आम्ही फक्त तीन कागदांचं वाचन लिहून दिलं. आत्यांचं हक्कसोडपत्र त्यांनी आमच्यापुढेच दोनदा वाचलं आणि मग म्हणाल्या, “यातली धाकटी अजून आहे. ब्याण्णव वर्षांची. तिला कधी कुणी विचारलंच नाही.”

पुढच्या आठवड्यात त्या आत्याकडे गेल्या. आत्याला जमिनीबद्दल काहीच बोलायचं नव्हतं. पण बांगडीची निशाणी करणारी ती विधवा कोण, तिचं माहेर कुठलं, हे तिनं बसल्या जागी सांगितलं. गाव इथून बारा-पंधरा किलोमीटरवरचं, खाडीपलीकडचं. त्या गावच्या दप्तरात आणखी काय निघतं ते बघायला पावसाळ्यानंतर आम्ही त्यांच्याबरोबर जाणार आहोत. ठिकाणाचा व्यवहार अजून झालेला नाही.

आता तुम्ही आणलेली बासनं सोडू. घाई करू नका, एकेकानं या, आणि मोडीला घाबरू नका. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांनी सातबारा आणला असेल तर तोही चालेल.